गांगुर्डेंचा डावा डोळा

रघुनाथ गांगुर्डे यांचा डावा डोळा माझ्यामुळे गेला.

आज सकाळी माणूसच गेला. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

पोस्ट मोठी आहे. माझ्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्यांनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी.

गांगुर्डे म्हणजे आमच्या ग्रहणाच्या कार्यक्रमांतले दुर्बीणवाले. ओझरला विमान कारखान्याच्या टूल रूममध्ये आयुष्य काढलं आणि रिटायर झाल्यावर घरीच दुर्बिणी बनवायला लागले.

मी बोलायचे, ते दाखवायचे. गरोदर बाई ग्रहणात बाहेर पडली की बाळ व्यंग घेऊन जन्मतं, असल्या खुळचट समजुतींवर मी घसा फोडायचे. ते कोपऱ्यात स्क्रू आवळत असायचे.

सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर फिल्टर लागतो. चंदेरी पातळ फिल्म, पुठ्ठ्याच्या रिंगमध्ये बसवलेली. ती नसेल तर भिंगातून येणारा सूर्य डोळा जाळतो.

नवीन फिल्टर आला की त्यांचा नियम ठरलेला. आठ दिवस तो लोकांसमोर न्यायचा नाही.
उन्हाकडे धरून बारीक भोकं शोधायची. रिंग बसवून तिच्यावर टेबलफॅन सोडायचा. नळीला थापा मारून बघायच्या. मग पहिला डोळा स्वतःचा, आणि तोही डावा.

"डावाच का हो?" मी एकदा विचारलं.
"उजव्यानं मायक्रोमीटर वाचतो ताई. तो कामाचा हाय."

काही वर्षांपूर्वीचं दिवाळीतलं ग्रहण आठवतंय? सूर्य ग्रहणातच मावळला होता ते.

दिंडोरी तालुक्यातलं एक गाव, शाळेचं पटांगण. जुन्या फिल्टरला आदल्या दिवशी भोक सापडलं होतं. नवीन फिल्म त्या दिवशी दुपारी हातात पडली. गांगुर्डे शाळेच्या ओट्यावर बसून रिंग कापत होते.

मी माइकवर होते. समोर एक गरोदर सून, सासूचा हात धरून उभी. जन्मात पहिल्यांदा ग्रहणात उंबऱ्याबाहेर आलेली. मी स्वतः घरी जाऊन तिला आणलं होतं.

मागून एक म्हातारबा ओरडले, "ताई, भाषण लय झालं! सूर्य दाखवा, नायतर तो जाईल घरी!"
सगळे हसले.

गांगुर्डे माझ्याजवळ आले. "ताई, रिंग सैल बसतीये. टेप धरत नाय. अर्धा तास द्या."
"अर्ध्या तासात सूर्य बुडेल, गांगुर्डे. ही सून आता परत गेली तर पुन्हा कधी येणार नाही."
"वारा हाय ताई."
"अहो, विमानं जोडलीत ना जन्मभर? एक पुठ्ठा जोडता येईना?"

हे मी बोलले. माइक चालू होता. लोक पुन्हा हसले.

ते दुर्बिणीकडे वळले. जाऊन डावा डोळा लावला.

वाऱ्याचा झोत आला आणि रिंग उडाली.

क्षणभरच. त्यांनी मान झटकली, तळहाताने नळीचं तोंड झाकलं आणि हसत ओरडले, "ढग आला, ढग आला! थांबा जरा!"

आकाशात ढग नव्हता.

मग त्यांनी रिंगवरून टेपचे चार वेढे घेतले, हलवून, ओढून बघितलं आणि पुन्हा डोळा लावला.
या वेळी उजवा.

मी ते पाहिलं. काही विचारलं नाही.

त्या सुनेने सूर्य पाहिला. सासूनेही पाहिला. टाळ्या मी घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "ताई, डाव्या डोळ्यानं कॅलेंडर बघतोय. ज्या तारखेकडं बघावं तीच गायब."

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. डोळ्याचा पडदा मधोमध भाजला होता. उपाय नाही, म्हणाले.

जिना उतरताना गांगुर्डे म्हणाले, "कुणाला बोलायचं नाय. आमच्या हिला पण नाय. कळलं तर गाव म्हणंल, बघा, ग्रहण बाधलं. ती सून परत कोंडून घेईल, आणि उद्या तिच्या पोरीला पण कोंडंल."

मला पटलं. पटवून घेणं माझ्या सोयीचंच होतं.

त्यानंतर प्रत्येक भाषणात मी ठणकावून सांगत आले, "आमच्या कार्यक्रमात आजवर एकाही डोळ्याला इजा झालेली नाही!"
गांगुर्डे पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे.

आज त्यांच्या घरी नेत्रदानाची टीम आली. फॉर्म त्यांनीच भरून ठेवलेला. टीममधल्या तरुण डॉक्टरने गांगुर्डे वहिनींना विचारलं, "डोळ्याला कधी काही इजा वगैरे?"
"नाही हो. डाव्यात मोतीबिंदू पिकत होता, तेवढंच. असं तेच म्हणायचे."

मी त्याच खोलीत होते.

भरल्या मैदानात मी कधी अडखळले नाही. तिथे अडखळत सांगितलं, "मोतीबिंदू नाही. सूर्याने पडदा भाजलाय, माझ्यामुळे."

डॉक्टरने शांतपणे ऐकलं. म्हणाली, पडदा आत मागे असतो, पुढचा कॉर्निया चांगला आहे, दोन्ही घेऊ. आणि कामाला लागली.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"चहा कपाबाहेर ओतायचे," त्या म्हणाल्या. "रोज. आणि मी रोज बोलायचे, लक्ष कुठं असतं तुमचं? गप फडकं घेऊन पुसायचा हो माणूस."

मग म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा ताई."

जिन्यात बसून हे लिहिते आहे.

'बघा, शेवटी ग्रहण बाधलंच' असं ज्यांना आता म्हणायचं असेल त्यांनी कान उघडे ठेवून ऐकावं. ग्रहणाने काहीही केलेलं नाही. रिंग सैल होती, वारा होता, आणि जाणत्या माणसाने मागितलेला अर्धा तास मी दिला नाही. विज्ञानाच्या नावाने मी गर्जत होते. त्या पटांगणात विज्ञान कळणारा माणूस एकच होता, आणि चारचौघांत मी त्याचंच हसं केलं.

हे मी त्या गावात जाऊन, त्याच पटांगणात, माइकवरून सांगणार आहे. त्या सुनेसमोर.

अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल. वहिनींनी येऊ दिलं तर मी मागे चालेन.

गांगुर्डे, तुमचं ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकलं नाही, आणि नको होतं ते इतकी वर्षं ऐकत राहिले. माफी मागायची माझी लायकी नाही.

मान खाली घालून निरोप देते.