मिल्काताईंच्या दाराची चौकट

नारळ अर्धाच खवून झाला होता. दुसरी वाटी विळीवर धरली आणि आठवलं, मलिद्याला किती खोबरं लागेल ते मिल्काताईंना विचारायचं राहिलंय. हात गाऊनला पुसले आणि समोरच्या दाराशी गेले. बेल दाबायला हात उचलला तर उजव्या चौकटीवर काहीच नाही. मेझुझा असायचा तिथं फिकट लांबट डाग आणि स्क्रूची दोन भोकं.

मेझुझा म्हणजे बोटाएवढी पितळी नळी, तिरकी बसवलेली, आत देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी. मिल्काताई जाता-येता तिला बोटं लावून ओठांना टेकवतात. मी नाही का उंबऱ्याला नमस्कार करून बाहेर पडत. सिंगापुरात वुडलँड्सच्या या ब्लॉकमध्ये आम्ही समोरासमोर राहायला आलो तेव्हापासून माझ्या दाराला तोरण, त्यांच्या दाराला ती नळी. आमचे देव कधी एकमेकांच्या वाटेत आले नाहीत.

बेल न दाबताच परतले. खोबरं तसंच राहिलं. जपाला बसले तर माळ हातात नुसती फिरायला लागली.

मिल्काताई नागावकर अलिबागजवळच्या नागावच्या. माहेरी तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. कोकणातल्या ज्यूंचं बेने इस्राएल हे नाव पुस्तकातलं, गावातलं नव्हे. लग्न होऊन त्या इथं आल्या कारण डॅनियलकाका जहाजावर इंजिनीअर. काका बोटीवर गेले की मिल्काताई एकट्या. आमच्या फराळाच्या ग्रुपला त्यांनीच वळण लावलं. त्यांची करंजी फुटत नाही. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा तर त्यांच्याशिवाय कुणालाच जमत नाही. दिवाळीत आठ बायका त्यांच्या ओट्याभोवती उभ्या असतात आणि त्या सगळ्यांना दटावत असतात, "काय गो, ही पारी आहे का चादर?"

गेल्या महिन्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा मिल्काताईंनी एलियाहू हानाबीला मलिदा बोलला. एलियाहू त्यांचे पैगंबर, मलिद्याला येऊन जातात अशी श्रद्धा. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, पाच फळं आणि वर गुलाब. नवस फेडायचा तो लोक जमवून. काका घरी आले आणि आज संध्याकाळचा मुहूर्त ठरला. सिनेगॉगमधून, त्यांच्या प्रार्थनामंदिरातून, चार माणसं आणि आमचा सगळा फराळ ग्रुप.

माळ ठेवली आणि फोन उघडला. तिथंच कारण होतं. निशिगंधाने पहाटे एक लांबलचक मेसेज ग्रुपवर टाकला होता. जगातली सगळी युद्धं, सगळे रोग, सगळी महागाई, यामागे म्हणे मूठभर ज्यू. शेवटी, खरं वाटलं तर हात जोडा. आणि खाली ओळीने जोडलेले हात. चित्राचे, क्षिप्राचे, ऋचाचे. सकाळी काहीही आलं की हात जोडायचे, देवाचा फोटो असो की कुणाचं निधन. आमच्या ग्रुपची ही रीतच आहे.

तन्वी कॉलेजची बॅग भरत होती. तिला दाखवलं. "मम्मी, नोबडी रीड्स लाह," ती म्हणाली. "जस्ट क्लिक करतात."

"मिल्काताईंनी वाचलंय."

ती बॅग हातात धरून थांबली. मग बॅगेची चेन ओढून गेली.

पुन्हा समोर गेले. या वेळी बेल दाबली. मिल्काताईंनी दार अर्धंच उघडलं. "मलिदा नाही आज," म्हणाल्या. "घरच्या घरी करू. ह्यांना दगदग नको."

"काका तर आत टीव्ही बघतायत."

"योगिनी, तू आत ये नाहीतर जा. दारात उभी राहू नको."

आत गेले. टेबलावर पितळी नळी एका रुमालावर ठेवलेली.

"सिनेगॉगला जाताना बॅग उघडून दाखवायची, दारात पहारा, त्याची सवय झाली," त्या म्हणाल्या. "ते अनोळखी माणसाचं भय. पण हे माझ्या करंज्या खाणाऱ्यांनी पाठवलं. आता दारावर पाटी कशाला लावून ठेवू?"

"त्यांनी वाचलंच नसेल हो."

"न वाचता जोडले, हे बरं का गो?" त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "आमच्या सिनेगॉगमध्ये युरोपातली एक म्हातारी होती. तिची आई, मावश्या, कुणी उरलं नाही. मी तिला विचारलं होतं, तुमच्यावरच का? ती म्हणाली, आम्हाला जमीन धरू द्यायचे नाहीत, कारागिरांत घ्यायचे नाहीत. व्याजाचा धंदा तेवढा मोकळा ठेवला, कारण त्यांच्या ख्रिस्ती धर्मात तो पाप. मग म्हणाले, बघा, हे व्याजखाऊ. साथ आली की म्हणाले, विहिरीत यांनीच विष टाकलं. देवाला मारलं ते यांनीच. आधी नुसतं बोलणंच होतं, म्हणाली. शेकडो वर्षं बोलणं. मग एक दिवस बोलणारे दारात आले. मला तेव्हा वाटलं, बिचारी. आमच्या नागावात असलं काही नव्हतं. आमच्या विहिरीवर सगळं गाव पाणी भरायचं." त्यांनी रुमालाची घडी नीट केली. "आज सकाळी मला माझ्या विहिरीची आठवण झाली."

आतून काका म्हणाले, "मिल्का, पोहे भिजवलेस का?"

"नाही!" त्या ओरडल्या.

घरी आले आणि उभ्या उभ्याच निशिगंधाला फोन लावला. ती तांजोंग पगारला बँकेत असते. मनाने वाईट नाही. काका हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ऑफिस सुटल्यावर मऊ भात घेऊन जायची ती हीच.

"अगं, मी ज्यूंबद्दल पाठवलं," ती हसलीच. "मिल्काताईंबद्दल थोडंच!"

"मिल्काताई कोण आहेत मग?"

"त्या... त्या आपल्या नागावकर ना." मग, "माझ्या दिरांनी पाठवलं होतं गं. आणि मी तर उलट कौतुक करते, किती डोकेबाज जात."

"ते कौतुकसुद्धा त्याच पोत्यातलं आहे, निशिगंधा. त्यांच्या घरी बैल होता आणि घाणा."

"बरं, काढून टाकते. पण ग्रुपवर माफीबिफी नको मागायला लावूस. सगळ्यांनीच हात जोडलेत."

मेसेज गेला. त्या जागी मेसेज काढून टाकल्याची ओळ आली, आणि खाली जोडलेले हात तसेच. आता ते नक्की कशाला जोडलेत, तेही कळेना.

आमचे हे, म्हणजे विलास, जेवायला बसले होते. म्हणाले, "निघाला ना मेसेज? मग झालं. ग्रुपवर धर्माचं काही लिहू नकोस. सिंगापूर आहे हे, इथं असल्याला कायदा कडक."

"धर्माचं तिनं लिहिलं. मी शेजारचं लिहिणार."

भात वाढता वाढता हात थांबत होता. देवापुढचा दिवा शांत जळत होता, मीच शांत नव्हते. ज्याला रोज हात जोडते त्याला ते न वाचता जोडलेले चालतील का, हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. आमटी गॅसवर ठेवून लिहिलं: "सकाळचा मेसेज ज्यू लोकांबद्दल होता. मिल्काताई ज्यू आहेत, म्हणजे तो त्यांच्याबद्दल होता आणि खोटा होता. त्यांनी दारावरची देवाची खूण काढून ठेवली आहे. काकांचा मलिदा आज संध्याकाळी आहे. मी जाणार आहे."

वाचल्याच्या यादीत एकेक करून नावं आली. कुणी काही बोलेना. आमटी उतू गेली. गॅस पुसला, परत बघितलं. नाही. ओटा पुसला, परत बघितलं. क्षिप्रा टाईप करते आहे असं दिसलं आणि थांबलं. मग चित्राचं आलं: "किती वाजता? गुलाब मी आणते. मिल्काताई, मी न वाचताच हात जोडले. चुकलं."

एवढंच. बाकी ग्रुप अजून गप्प आहे. निशिगंधासुद्धा.

बेल वाजली. मिल्काताई, हातात फोन. "कशाला लिहिलंस गो? आता ती एकटी चित्रा येणार आणि बाकीच्या आल्या नाहीत, हे मला संध्याकाळभर दारात बसून बघावं लागणार."

"मग दार बंद ठेवा."

"मलिद्याला दार बंद?" त्या माझ्यावर डोळे वटारून बघत राहिल्या. "एलियाहू काय लिफ्टमध्ये उभा राहील?"

मागून काका भिंत धरत धरत आले. एका हातात ती नळी, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. "मिल्का, हिचे स्क्रू कुठं ठेवलेस?"

मिल्काताईंनी आपल्या घरातल्या स्वयंपाकघराकडे मान केली. "कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये. रागात."

काकांनी डोळे मिटले. "तेरा मजले खाली," म्हणाले. "आता आशीर्वादाचं वचन म्हणत नळी काय टेपने चिकटवू?"

"काका, तुम्ही बसा," मी म्हटलं. "आणि मिल्काताई, खोबरं किती?"

"दोन नारळ," त्या म्हणाल्या. मग माझ्या नारळातलं उरलेलं अर्धं खवायला माझ्याच स्वयंपाकघरात शिरल्या, विळीवर बसल्या आणि खवता खवता दाराकडे बघायला लागल्या.

हे लिहीत बसले ती वही मिटून मी खाली हार्डवेअरच्या दुकानात चालले आहे, पितळेचे दोन स्क्रू आणायला.