पेरणीआधी वाजलेलं गाणं

माझे यजमान गेल्यावर महिन्याभराने शारजातल्या एका हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींनी त्यांची शोकसभा ठेवली. प्रेमाने ठेवली, हे मला मान्य आहे. तरीही त्या संध्याकाळचा राग अजून उतरलेला नाही.

हे भाषांचे अभ्यासक. तरुणपणी मेक्सिकोतल्या नायारितच्या डोंगरांत, कोरा लोकांच्या गावात राहून त्यांची भाषा शिकले. ते लोक स्वतःला नायेरी म्हणवतात. हेही घरात तसंच म्हणायचे. तिथे पेरणीआधी मितोते नावाचा विधी होतो. मधे जाळ, भोवती फेर धरलेली माणसं. गायकापुढे भोपळ्यावर आडवं धनुष्य, त्याच्या दोरीवर तो दोन काड्यांनी ठेका धरतो आणि रात्रभर पावसाला, मक्याला बोलावतो. गावच्या म्हाताऱ्या गायकाने यांना ते गाणं टेप करू दिलं, पण एका अटीवर. ऐकायचं ते पेरणीच्या दिवसांतच. अवेळी हाक मारली तर ज्यांना बोलावलं ते येतात, आणि शेत तयार नसतं. यांनी शब्द दिला.

दुबईत अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर जूनला, बाहेर उन्हाने काचा तापलेल्या असताना, आम्ही दोघं ती कॅसेट लावून बसायचो. एरवी कधीच नाही. जानेवारीत हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "लावू का?" यांनी मानेनेच नको म्हटलं. "पेरणी लांब आहे अजून." जूनपर्यंत ते राहणार नव्हते. ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

सभेत भाषणं संपली, वडे फिरू लागले आणि स्पीकरमधून तेच गाणं आलं. मुलाने कपाटातली कॅसेट नेऊन कॉपी करून घेतली होती.

"सरप्राइज, आई. डॅड्स फेव्हरिट ट्रॅक."

"अरे, हे तर आपल्या गोंधळासारखं!" एक गृहस्थ प्लेटवर बोटं वाजवत म्हणाले. "वहिनी, यंदा गणपतीत यावर पोरींचा डान्स बसवू."

"यल्ला, आवाज वाढव रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी उठले. मंडळाच्या सेक्रेटरींना म्हटलं, "बंद करा."

"समजू शकतो, वहिनी. मोकळं रडून घ्या."

"मला रडायचं नाही. हे गाणं आत्ता वाजवायचं नसतं. बंद करा."

"दोनच मिनिटं. लोकांना आवडतंय हो."

मी स्पीकरची वायर उपटली. शांततेत एक बाई म्हणाल्या, "धक्का बसलाय बिचारीला."

का वाजवायचं नसतं, हे एकानेही विचारलं नाही. याच माणसांनी गणपतीत बुटांसकट पुढे आलेल्या पाहुण्याला हाताला धरून मागे नेलं होतं. आपलं असलं की सोवळं, दुसऱ्याचं असलं की छान ठेका!

परतताना गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मुलगा स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "इट्स जस्ट अ साँग, आई. ते लोक मेक्सिकोत आहेत. हू विल नो?"

"बाबांना कळलं असतं."

"ही इज गॉन, आई."

"म्हणूनच. शब्द पाळायला आता मीच उरलेय."

मग चाचरत त्याने सांगितलं की सेक्रेटरींनी यांच्या फोटोंना ते गाणं जोडून व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. मी त्याला सेक्रेटरींना फोन लावायला लावला.

"काढून टाका तो," मी म्हटलं.

"अहो, काढून काय उपयोग? सगळ्यांनी पुढे पाठवलाही. चांगलंच झालं की. साहेबांचं नाव होईल, इन्शाल्ला."

घरी आल्यावर मी त्या गायकाच्या मुलीला पत्र लिहायला बसले. गायक केव्हाच गेले. तिचा आणि यांचा पत्रव्यवहार मात्र शेवटपर्यंत होता. मला येतं तेवढ्या स्पॅनिशमध्ये लिहिलं, की तुमच्या वडिलांचं गाणं आमच्याकडे अवेळी वाजलं, आणि आता ते कुठवर गेलंय ते मला सांगता येत नाही.

मुलगा खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. त्याचा आवाज खाली आला होता. "आई, ॲटलीस्ट चुकून वाजलं असं लिही."

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "चुकून वाजलं असतं, तर मी सांगितल्यावर थांबलं असतं."