सायीच्या रंगावरची हळद

हे सूर्यनारायणा, सात घोड्यांच्या स्वामी! तुझ्या रथाला चाक एकच, सारथ्याला मांड्या नाहीत, वाटेला आधार नाही. तरी युगानुयुगे तो रथ कधी दुरुस्तीला उभा राहिला नाही. आम्हां मर्त्यांच्या रथांना मात्र गंज चढतो, उंदीर लागतात, रंग विटतो. म्हणून तर तू माणसांच्या हातांत कसब ठेवलेस! त्या तेजाला वंदन करून तुझ्याच एका उपासकाचे नाव घेतो. वेल्ह्याकडच्या पासली गावात जन्मलेले, भोरात नांदलेले, गाड्यांना रंग देणारे आनंदराव.

त्यांचे बालपण भातखाचरात गेले. चिखलणी झाली की वडील खाचरात पाणी सोडीत आणि म्हणत, "उंच-सखल डोळ्याला इचारू नगंस, पाण्याला इचार." ते वाक्य आनंदरावांनी गुरुमंत्रासारखे जपले. टेम्पो असो वा ट्रॅक्टर, पत्रा घासून झाला की त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे, उकिडवे बसून ते कुठे थबकते, कुठे पळते ते पाहायचे, मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. लोक हसत.

"आनंदराव, टेम्पोत कांदं भरायचंत, नवरी न्हाई बसवायची!"

"कांदं रडवत्यात ते लई झालं. माझ्या कामानं कुणी रडाया नगं."

अशा या माणसाच्या दारी एके दिवशी भोरचे जुने वकील दीनानाथराव आले. त्यांच्या कोठारात तरुणपणी घेतलेली विलायती गाडी धूळ खात होती. दोनच माणसांची, उघड्या छताची, लांब नाकाची, दबा धरलेल्या बिबट्यासारख्या बांध्याची. मुलगा शौनक म्हणाला, "बाबा, पुण्याला देऊ. इथे टेम्पो रंगवतात."

"गाडी भोरात राहिली, भोरातच उभी राहील," वकीलसाहेब म्हणाले. "दसऱ्याला मी तीत बसणार. पण रंग तोच मूळचा हवा, सायीसारखा. नाही साधला, तर खुशाल ने पुण्याला."

"सबूद दिला, वकीलसाहेब," आनंदराव म्हणाले. त्या क्षणापासून जन्मभराची कारागिरीच पणाला लागली.

पण रंग तरी कोणता? वर लाल, त्याखाली निळा, त्याखाली आणखी काही. आनंदरावांनी दाराची रबरी पट्टी अलगद सोडवली. तिच्या आड, ऊन-पाऊस न लागलेला, बोटभर मूळ रंग हसत होता. साय! निवलेल्या म्हशीच्या दुधावरची, किंचित पिवळसर, जाड साय! त्याला जुळवून रंग सिद्ध झाला. गंज खरवडला, पुट्टी भरली, पाणी ओतले, तळवा फिरवला, पुन्हा घासले. मेव्हणा बंडू मिस्त्री, त्याने इंजिन बोलते केले. क्रोमच्या पट्ट्यांत तोंड दिसू लागले. शेवटचा हात फिरला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आनंदराव झेंडू आणायला गेले होते. त्यांची पत्नी फुलाबाई ताट घेऊन शेडमध्ये आली. हातोड्याला, रंगाच्या फवाऱ्याला हळदकुंकू वाहिले. मग एवढ्या देखण्या गाडीला कोरडे कसे सोडावे? माउलीने हळद तेलात कालवली आणि बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक रेखून वर कुंकू वाहिले. रंग वरून सुकलेला, आतून अजून कोवळा. आनंदराव परतले आणि हातातले झेंडू गळाले. कापसाने पुसले. कुंकू निघाले, हळद मुरली.

"अगं, काय केलंस हे! उद्या दसरा!"

"देवाचं केलं, इख न्हाई लावलं!" फुलाबाई फणकारली. मग आवाज उतरला. "अवो, लुगड्याची हळद साबणाला दाद देत न्हाई, पर उन्हाला देती. ढकला गाडी भाईर."

नवा थर सुकायला वेळ नव्हता. दुसरी वाटच नव्हती. गाडी अंगणात आली. आश्विनाचे खणखणीत ऊन. सावली सरकली की नवरा-बायको गाडी ढकलीत, तिचे नाक सूर्याकडे फिरवीत.

"दाजी, गाडी हाय का पापड?" बंडू खिदळला. "किती पालटताय!"

"तू गप ढकल," बहिणीने दरडावले.

सांजेपर्यंत पिवळा विटला, पण गेला नाही. दसऱ्याला उगवत्या सूर्यासमोर गाडी पुन्हा उभी. दुपारी आनंदरावांनी तांब्याभर पाणी ओतले, डोळे मिटून तळवा फिरवला, मग डोळे उघडले. साय. निखळ साय! त्यांनी आभाळाकडे हात जोडले.

वकीलसाहेब आले, शौनक आला. म्हाताऱ्याने गाडीभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली, दारावर हात ठेवला.

"तोच," दीनानाथराव म्हणाले. मग भुवई चढली. "पण आनंदराव, दसऱ्याचे वाहन आणि हळदीचे बोट नाही? अशी कोरडी गाडी मी नेणार नाही हं!"

फुलाबाईने तोंडात पदर कोंबला. आनंदरावांना हसू आवरेना. सारी हकिगत ऐकून वकीलसाहेबही डोळे पुसेपर्यंत हसले. "मग फुलाबाई, आता चाकाला लावा. धावणाऱ्याचे पायच पूजावेत."

शौनक बॉनेटवर वाकून आपले प्रतिबिंब पाहत होता. "आनंदराव, टेम्पोच्या कोपऱ्यात तुम्ही नाव घालता. इथे का नाही?"

"येवढ्या गाडीवर?"

"ज्याने उभी केली त्याचेच हवे. मी पुण्याचे नाव काढले होते, आता तुमचे घाला."

आनंदरावांनी दाराची रबरी पट्टी पुन्हा सोडवली. जुन्या रंगाशेजारी बारीक कुंचल्याने लिहिले, 'आनंदराव, पासली'. सुकल्यावर पट्टी बसवली.

"अहो, दिसणार कसे?"

"ज्याला म्होरं कवा खरा रंग हुडकायचा आसंल, त्याला दिसंल."

आणि साय भोरच्या रस्त्याने निघाली. बाजारपेठेतून वळताना टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून मानवंदना दिली. आनंदराव शेडच्या दारात ताठ उभे होते.

हे सूर्यनारायणा, त्या तळव्यातली जाण अशीच जागती ठेव. फुलाबाईच्या ताटातली हळद कधी न सरो, बंडूची थट्टा कधी न आटो. त्या अंगणात तुझे ऊन रोज पाहुणे येवो, आणि त्या दारी मलूल आलेले प्रत्येक वाहन उजळून परत जावो.