पुस्तिकेतून गाळलेला पाडा

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. पंचायतीला गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची होती आणि मी निवृत्त मास्तर घरी रिकामाच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी मनापासून लिहिलं. गावाबाहेरच्या पाड्यावर तर दोन पानं लिहिली: इथे सगळ्यांत आधी तीच माणसं आली, रान त्यांनी मोडलं, आमचे पूर्वज मागाहून आले.

सरपंचांनी नेमकी ती दोन पानं काढून टाकली. वर मलाच समजावलं, "गुरुजी, पुस्तिका पाहुण्यांना द्यायचीय. त्यात पाडा कशाला? आन पुरावा काय याला?"

पुरावा! माझं डोकंच फिरलं. दरसाल पेरणीआधी गावदेवीला पहिला नारळ पाड्यावरचा म्हातारा फोडतो. तोवर कुणी नांगराला हात लावत नाही, सरपंचही नाही. कारण जागा मूळची त्यांची, म्हणून मान त्यांचा. एका वर्षी म्हातारा तापाने फणफणला होता, तर याच गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून देवीपुढे आणलं होतं. देवीपुढे पहिला आणि कागदावर त्याचा पत्ताच नाही? मी हे सरपंचांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "तो रिवाज झाला, गुरुजी. त्याला इतिहास नाय म्हणत."

मी तणतणत घरी आलो. दोन दिवसांनी पुस्तिकेचं प्रूफ आलं. पाडा नव्हताच. मुखपृष्ठावर लेखक म्हणून माझं नाव मात्र चांगलं ठळक होतं. छापायला माझी सही हवी होती. राग ओसरला नव्हता, तरी सही केली. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा ते नाव बघून बरं वाटलं होतं.

परवा म्हातारा माझ्या दारात आला. घराखालची जागा नावावर व्हावी म्हणून पाड्याने शहापूरच्या कचेरीत अर्ज केलाय. तिथल्या साहेबाने आमचीच पुस्तिका त्याच्यापुढे टाकली. यात तुमचा पाडा कुठाय, म्हणाला, तुम्ही तर मागाहून घुसलेले दिसता.

मी उसळलो. त्या साहेबाला, सरपंचांना, अख्ख्या पंचायतीला शिव्या घातल्या. म्हातारा उंबऱ्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. मी दमल्यावर म्हणाला, "गुरुजी, सायबाला ठावं नाय. तुमाला त ठावं व्हतं ना?"