बाबांच्या दातातला जामाचा पाला

आमच्या बाबांचं तोंड म्हणजे कारखान्याची घंटा. कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, धडधडत असताना माणसाची हाक कुणाच्या कानात शिरणार? बाबा वरच्या पुढच्या दातांना जीभ लावून अशी शिट्टी मारायचे की पार पलीकडच्या रांगेतला कारागीर मान वर करायचा. विदर्भातून सुरतेला आले तेव्हापासून कारखान्यात त्यांची ओळख तीच.

त्यातलाच एक दात किडला. गाल धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काई बी कर, पन उपटू नको. शिट्टी गेली त लूमवर मले कोन इचारन?"

मी इथल्याच कॉलेजात दातांची डॉक्टर, पुढचं शिकतेय. माझा अभ्यासाचा विषय असा: रूट कॅनाल करताना दाताच्या नळीत लपलेले जंतू पेरूच्या पानांच्या अर्कानं मरतात का? घरात सगळे हसले, बाबा मात्र फुलून गेले. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या गल्लीत त्यांनी दवंडीच पिटली, "माह्या पोरीनं जामाच्या पाल्याची दवाई काढली!" आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. अहो बाबा, काढली नाही, नुसती तपासतेय. अर्क काचेच्या बशीत जंतू मारतो, उपटलेल्या दातांत मारतो, पण जित्या माणसाच्या तोंडात घालायची परवानगी नाही. किती वेळा सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी.

दात मीच उघडला. नळी साफ केली, नेहमीचं औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं. आठवड्यानं या आणि तोवर हात लावू नका, असं बजावलं. दात वाचणार होता, मला पक्की खात्री होती.

आठवड्यानं आले ते ओठ सुजवून. तोंड उघडलं तर आत हिरवं! सिमेंट गायब आणि भोकात पाला ठासून भरलेला.

"हे काय केलंत बाबा?"

"तूच त म्हनत होती ना वं, जामाच्या पाल्यानं जंतू मरते म्हून. कॉलेजवाले तुले भरू देत नाई, म्हून म्याच भरला."

कशानं? तर लूमवर तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, ओढून घ्यायच्या बारीक आकड्यानं. जन्मभर त्या आकड्यानं डोळ्याला न दिसणारी तार ओढली, मग दाताचं भोक त्यांना काय अवघड! रोज जुना पाला कोरून काढायचा, नवा ठासायचा. माझं डोकं असं फिरलं की हातातला आरसा मी ट्रेमध्ये आपटला. शेजारच्या खुर्चीतली बाई दचकली. बाबा मात्र शाबासकीची वाट बघत होते.

एक्स-रे काढला. रोजच्या ठासण्यानं मुळापर्यंत उभी चीर. दुसऱ्या कोनातून पुन्हा काढला, चीर तिथेच. सरांना दाखवला, त्यांनी नुसती मान हलवली. अशा दाताला औषध नाही, ना आमचं ना पाल्याचं. एवढी वर्षं घासली आणि स्वतःच्या बापाचा एक दात मला राखता येईना. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड सगळ्यांना दिसलं असतं.

उपटलाही मीच. दुसऱ्या कुणाच्या हाती देववेना.

बाबांनी कापसाचा बोळा सांगितला तेवढा वेळ दाबून धरला. मग बोळा काढून जीभ लावली आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं.

"भूल उतरली की जमेल," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण ती माझ्यासाठी.

मग ट्रेमधल्या दाताकडे बोट केलं. "आता त बाहीर आला ना थो? आता याच्यात भरू देतीन तुले, तुहा पाला?"

चीर पडलेला दात आम्ही अभ्यासाला घेत नाही. तो आमचा पहिलाच नियम.

"हो बाबा, आता देतील," मी म्हणाले आणि दात धुऊन बाटलीत ठेवला.