मागे हो, काचेत येतेयस

इटलीवाली इटलीला कधीच गेली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक मलाच विचारत बसतात आणि मग मला तिची बाजू घेऊन भांडावं लागतं. तिची इटली एका टाइल्सच्या दुकानानं फुकट वाटलेल्या कॅलेंडरात होती. बारा महिन्यांच्या बारा बायका. कुणी कारंज्याच्या कठड्यावर बसलेली, कुणी स्कूटरला टेकलेली, कुणी दोन बाल्कन्यांमधल्या दोरीवर चादर वाळत घालतेय आणि तेवढ्यात कुणाच्या तरी बोलण्यावर हसतेय. वर्ष संपलं, बाकीच्यांनी ते कॅलेंडर रद्दीत घातलं. ही ते घेऊन जिना उतरून माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "फ्रेमवाले, याच्या बारा फ्रेमा करायच्या."

"बाई, रद्दीला फ्रेम?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं मापं घ्यायला लागलो.

"नीट बघा यांच्याकडे," ती म्हणाली. "रिकामटेकड्या नाहीत या. ही चादर वाळत घालतेय, ती भाजी आणायला निघालीय. कामं आपलीच. पण उभ्या कशा आहेत बघा. आपल्याकडची बाई फोटोत उभी राहते ती दूध उतू जाईल या काळजीनं."

तोवर ती एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायची. कान दिसू द्या, हनुवटी वर, झालं. कॅलेंडरानंतर तिनं ते सोडलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. बाई जिथं रोज राबते तिथंच तिचा फोटो काढायचा, पण तो दिवस तिचा स्वतःचा असल्यासारखा. पेट्रोल पंपावरची बाई नळी खांद्यावर टाकून. बस डेपोतली तिकीटवाली खिडकीच्या कट्ट्यावर चक्क बसलेली. दवाखान्याच्या जिन्यात नर्स, पायातल्या चपला काढून, हातात कॉफी. सामान म्हणाल तर ठिपक्यांचा एक रुमाल, मोठा काळा गॉगल आणि टोपलीभर लिंबं. या सामानावर तिनं अर्ध्या गावाची इटली करून टाकली.

आता धाकटीबद्दल सांगतो. खरं तर तिच्याबद्दलच सांगायचंय.

इटलीवाली, तिची धाकटी बहीण आणि त्यांची आई, जिला मी मावशी म्हणतो, तिघी माझ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. थोरलीच्या नाकावर कायम राग. धाकटीच्या तोंडाला टाळा नाही. फोटोच्या वेळी धाकटीचं काम थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता धरून उभं राहायचं, म्हणजे उजेड त्याच्यावर आपटून बाईच्या चेहऱ्यावर पडतो. हे कागदावरचं काम. खरं काम दुसरंच. तक्त्याआडून ती त्या बाईशी हळू आवाजात काहीतरी बोलायची आणि थोड्या वेळानं बाईचे खांदे उतरायचे, तोंड सैल व्हायचं, आणि ते कॅलेंडरातलं हसू यायचं. काय बोलायची ते थोरलीला कधीच ऐकू आलं नाही. ती लांब कॅमेऱ्यामागे. तिनं विचारलंही नाही. तिचं आपलं एकच वाक्य ठरलेलं होतं, "मागे हो, काचेत येतेयस."

काळा गॉगल म्हणजे आरसाच. समोर उभी असलेली धाकटी, तिच्या हातातला तक्ता, सगळं त्यात उमटायचं. मागे हो, अजून मागे हो असं ओरडूनही जी काचेत राहायची तिला थोरली घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसून टाकायची. पुसलेला फोटो ठेवायचा, आधीचा काढून टाकायचा, ही तिची शिस्त. एकाच फोटोच्या दोन प्रती ठेवणं म्हणजे तिच्या लेखी पसारा. आणि धाकटीला स्वतःचा फोटो काढून घ्यायची भारी लाज. कुणी मोबाईल पुढे केला की ती तळहात आडवा धरायची. तिच्या तळहाताचे पुष्कळ फोटो आहेत.

मग एके दिवशी धाकटी दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. आजारी नव्हती, काही नव्हती. सकाळीच माझ्या दुकानात येऊन खिळे मागून गेली होती.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचेही नाहीत. त्यांच्या घरातलं बोलणं थांबलं. वरून पावलांचा आवाज यायचा तो एकाच बाईचा, थोरलीचा. आई खुर्चीतून उठत नव्हती. तिचे डोळे आधीच जात चालले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं तेवढं राहील. त्यामुळे मावशी कुणाकडे बघायचं तर मान वाकडी करून, कोंबडीसारखी, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. आणि त्यांनी थोरलीकडे एकच गोष्ट मागितली.

"मला तिचं तोंड बघायचंय. सगळं जायच्या आत. हसतानाचं."

झालं, तिथून शोधाशोध सुरू झाली. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून दाखवला. मावशींनी मान वाकडी करून बघितला आणि बाजूला सारला. "ही माझी मुलगी नाही. ही कुणीतरी पकडून आणलेली बाई आहे." लहानपणीचे फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "ही मला पाठ आहे. मला मोठी दे." थोरलीनं आपलं सगळं काम उघडलं, एकेक गॉगल तपासला. प्रत्येक काचेत एक करडा डाग. जिथं बहीण होती तिथं तिनं स्वतःच्या हातानं इतकं स्वच्छ पुसलं होतं की काही म्हणता काही उरलं नव्हतं. त्या दिवशी ती खाली माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "फ्रेमवाले, मी किती चांगलं काम करायचे बघा."

मी पॉलिश घासत राहिलो.

माझ्या भिंतीवर तिच्या फोटोंच्या नमुन्याच्या फ्रेमा लावलेल्या असतात. पेट्रोलवाली, तिकीटवाली, नर्स, आणखी कितीतरी. धाकटी गेल्यावर मला पहिल्यांदा ध्यानात आलं की त्यातली एकही बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्या जरा डावीकडे बघून हसतायत, म्हणजे माझ्या दुकानात लावल्यावर थेट दाराकडे. इतकी वर्षं मी त्यांच्याखाली बसून काम केलं, कधी काही वाटलं नाही. आता मान वर केली की वाटायचं, दारात कुणीतरी आलंय आणि ते सगळ्यांना दिसतंय, फक्त मला दिसत नाही. दोनदा मी उठून बघून आलो. मग फ्रेमा उलट्या करून ठेवल्या. उलट्या केल्यावर तर जास्तच वाटायला लागलं, म्हणून परत सुलट्या केल्या.

काम काही थांबवता येत नव्हतं, घर त्याच्यावर चालत होतं. एका शिंपिणीचा फोटो होता. थोरली म्हणाली तक्ता धरायला या, म्हणून मी गेलो. धरला. शिंपीणबाई काठीसारखी ताठ. मी हसवायला म्हणून काहीतरी बोललो तर ती रडकुंडीला आली. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला, "मागे हो, काचेत येतेयस." मला ती अहोजाहो करते. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या शेजारी, जरा पुढे, जिथं कुणी नव्हतं तिथं बघत होती. शिंपीणबाईनंही गॉगल खाली करून तिकडे बघितलं. थोरलीला आपण काय बोललो ते कळलं, तिनं कॅमेरा पिशवीत घातला आणि त्या बाईला म्हणाली, "आज उजेड चांगला नाही." बाहेर लख्ख ऊन होतं.

मग लॉन्ड्रीवाली आली. तिचा फोटो फार पूर्वीचा, इतका की थोरलीच्या कॉम्प्युटरवरही तो राहिला नव्हता. इस्त्रीच्या टेबलावर कोपर टेकून, मागे दोरीवर पांढऱ्या चादरी, डोळ्यांवर गॉगल. तिच्या दुकानात टांगलेला होता तो पडला आणि काच फुटली. म्हणाली, "नवीन काच घालून ठेवा, दोन दिवसांनी नेते." मी मागचा पुठ्ठा काढला, फोटो बाहेर घेतला, फडकं फिरवलं. फोटोतल्या गॉगलच्या उजवीकडच्या काचेवर एक बारीक ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा. वाटलं घाण आहे. मऊ फडक्यानं पुसलं, जाईना. तोंडाची वाफ देऊन पुसलं. मग मला राग आला. काचेखाली घाण राहिली की लोक फ्रेमवाल्याला नावं ठेवतात, फोटोवालीला नाही. मी नखानं खरवडणार होतो. नख लावायच्या आधी सहज भिंग लावलं.

तक्ता होता. आणि तक्त्याच्या वर एक डोकं.

ज्या हातानं पुसत होतो तो हात मी मांडीखाली धरून बसलो, पोरासारखा. मलाही धाकटी आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. आणि दहा मिनिटं मी तिला फडक्यानं घासत होतो.

फोटो घेऊन वर गेलो. थोरलीनं भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. "डावीकडची काच पुसलीय मी," ती म्हणाली. "उजवीकडची राहिली." आयुष्यात तिच्या हातून झालेली ती एकच चूक असावी. ती चूक हातात धरून ती खाली फरशीवरच बसली.

तिनं तो फोटो स्कॅन करून ठिपका मोठा केला. कणीएवढा होता तो तळहाताएवढा झाला, मग परातीएवढा. पण जितका मोठा करावा तितका तो विरघळत गेला. शेवटी हाती आला तो करड्या रंगाचा धुरळा. मध्ये पांढरं काहीतरी, काचेच्या गोलाईनं वाकलेलं. वर चेहरा म्हणायचा तो, त्यात एक काळी पोकळी, म्हणजे उघडं तोंड. डोळे नाहीत, नाक नाही. मला तर ते बघून भीतीच वाटली. आपल्या ओळखीचं माणूस फार लांब गेलं म्हणजे असं दिसत असेल.

"हे काय दाखवू आईला?" थोरली म्हणाली. "याच्यात ती कुठं आहे?"

तेवढ्यात लॉन्ड्रीवाली तिची फ्रेम न्यायला जिना चढून आली. खाली दुकान उघडं आणि मी नाही, म्हणून वर आली. टेबलावरचा धुरळा तिनं बघितला, आम्ही सांगितलं काय ते. तिनं हात पुसले आणि एका खुर्चीच्या काठावर टेकली.

"त्या दिवशी मी उभीच राहत नव्हते ताई," ती थोरलीला म्हणाली. "माझी कंबर दुखत होती, डोक्याला हा रुमाल, लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तर ही तक्त्यामागून मला हळूच म्हणते, 'माझ्या ताईला वाटतंय आपण इटलीत आहोत. तिला सांगू नका हां. बिचारी हिरमुसेल.'"

थोरलीनं टेबलावरचा तो धुरळा स्वतःकडे ओढला.

"सगळ्यांना तेच सांगायची ती," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "नर्सबाईलाही तेच. आम्ही बायका भेटलो की अजून एकमेकींना विचारतो, कळलं का गं ताईंना."

थोरली आधी हसली. मग तिचं हसणं कुठल्या कुठं गेलं आणि ती रडायला लागली. धाकटी गेल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. मला खाली माझ्या भिंतीवरच्या बायका आठवल्या. त्या सगळ्या एकाच गुपितावर हसत होत्या, आणि ते गुपित या बाईपासून जपत होत्या. लॉन्ड्रीवाली जाताना म्हणाली, फोटो राहू द्या, मला दुसरा छापून द्या, घाई नाही.

त्या धुरळ्याची फ्रेम मी केली. साधी पातळ पट्टी, चांगली काच. माझं काही मत नव्हतं, थोरली करा म्हणाली, मी केली. दोघांनी मिळून ती मावशींच्या समोरच्या भिंतीवर टांगली. काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ओळखलं नाही तर मी म्हणणार होतो की गिऱ्हाइकाची आहे, पॉलिश वाळायला लावलीय.

मावशींनी मान वाकडी केली. एका कोपऱ्यातून बघितलं, मग दुसऱ्या. मी थोरलीकडे बघत होतो. तिनं पदर मुठीत धरला होता. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मावशींना आता आम्हीही असेच दिसत होतो, धुरळ्यासारखे. थोरलीही अशीच, मीही असाच. त्या खोलीत धाकटी त्यांना आमच्यापेक्षा कमी दिसत नव्हती. आमच्याइतकीच दिसत होती.

मावशी हसल्या. किती दिवसांनी.

"हसतेय," त्या म्हणाल्या. "दात दिसतायत बघ." दात कुठेच नव्हते.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. हात पुढे करून त्यांनी हवेत चाचपडलं, जसं आपण अंधारात दाराची कडी शोधतो.

"एवढी लांब का उभी केलीस गं तिला?" त्या थोरलीला म्हणाल्या. "पुढे बोलव की."

थोरली भिंतीपाशी गेली. आयुष्यभर जे एक वाक्य ती बहिणीला सांगत आली होती, त्याच्या उलटं बोलायला तिला वेळ लागला. मग तिनं फ्रेम खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांत धरली, आणि एकेक पाऊल टाकत आईच्या खुर्चीकडे यायला लागली.

"ये," ती म्हणाली. "पुढे ये. काचेत आलीस तरी चालेल."