कडेला उभी फुसाए
"हा आईचा हात आहे, बाबा. फुलांच्या मधोमध हात ठेवायचा का?"

"चेहरापण आहे. नीट बघ."

"बघितला. आडव्या कलिंगडासारखा आहे."

तेइझो कुवाबारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. पलीकडच्या खोलीत फुसाए तोंडावर पांढरं फडकं घेऊन निजली होती. ते फडकं उचलायचा धीर बापलेकींपैकी कुणालाच होत नव्हता. अंत्यविधीवाल्यांना फुलांत ठेवायला पाचपर्यंत तिचा फोटो हवा होता आणि तीन वाजून गेले होते. लेकीनं, चिझुरूनं, फोटोंची सगळी खोकी चटईवर पालथी घातली होती. चाळीस वर्षं फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक धड चेहरा मिळत नव्हता.

त्यांच्या क्योजिमा वस्तीच्या गल्ल्यांतले कारखाने ते काय, दोन माणसं आणि एक यंत्र. मालकाला मात्र एकाच फोटोत सगळं हवं असायचं. यंत्र, म्हातारा बाप, मांजरसुद्धा. मागे सरकायला जागा नाही, पाठ भिंतीला टेकलेली. म्हणून तेइझोंनी पंधरा मिलिमीटरची, खूप रुंद टिपणारी लेन्स घेतली. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकीतून एवढं रुंद दिसत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावर काचेची वेगळी छोटी खिडकी बसवायची आणि तीतून बघायचं. खिडकी एक दाखवणार, लेन्स थोडं वेगळंच टिपणार. त्यावर तेइझोंचा तोडगा होता. उजव्या टोकाला फुसाएला उभं करायचं. ती खिडकीत पुरती दिसली की सगळे आले.

पण कडेला जो उभा राहील त्याला ही लेन्स कणकेसारखी ताणते. गिऱ्हाईक रुसतं. फुसाए रुसत नसे. छापखान्यातला होसाका तर दर नववर्षाला म्हणायचा, "वहिनी, फोटोत वर्षाला दोन किलोनं वाढताय तुम्ही." ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच जाऊन उभी राहायची.

तिच्याकडे आणखी एक काम होतं. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचंच नसतं, त्यामुळे लेन्सवर झाकण राहिलं तरी वरच्या खिडकीत सगळं लख्ख दिसतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तेइझोंनी टोफूवाल्यांचं आख्खं कुटुंब झाकण न काढता टिपलं होतं आणि सगळं कोरं निघालं होतं. तेव्हापासून झाकण फुसाए काढायची आणि मुठीत धरून कडेला जायची. खोक्यातल्या प्रत्येक फोटोत तिची उजवी मूठ मिटलेली होती.

गाडीचा परवाना तिच्याकडे नव्हता, पासपोर्ट नव्हता. "तुझ्या फोनमध्ये असेल की," तेइझो म्हणाले. चिझुरूनं मान खाली घातली. अकरा वर्षं ती दूर सेंदाईला राहत होती. तिच्या फोनमध्ये आईनं केलेल्या वांग्यांचे तीन फोटो होते आणि इस्पितळातला एक, मास्क लावलेला.

मग अंत्यविधीवाल्यांकडच्या पोरीनं चिझुरूनं पाठवलेल्या फोटोतला ताणलेला चेहरा संगणकावर दाबून परत पाठवला. चिझुरूनं फोन बापापुढे धरला.

"ही कोण?"

"तीच असेल."

"असेल? आई अशी दिसायची की नाही, एवढं सांगा."

तेइझोंना ते सांगता येईना. चौकट कुठे संपते ते कळावं म्हणून इतकी वर्षं त्यांनी त्या छोट्या खिडकीतून नखाएवढ्या दिसणाऱ्या बायकोकडे बघितलं होतं.

चिझुरू पुन्हा खोक्यांकडे वळली आणि मधेच थांबली. "एक आहे. गेल्याच्या गेल्या वसंतात आई फोनवर म्हणाली होती, तुझ्या बाबांनी आज मला एकटीला मधे बसवलं म्हणून. जांभळा स्कार्फ घातला होता. दहा मिनिटं त्याचंच चाललं होतं तिचं."

तेइझोंची नजर चटईवर गेली. याच खोलीत, याच चटईवर. "अहो, एकदा मला मधे घ्या ना," फुसाए म्हणाली होती. त्यांनी अंतर मोजलं, वरच्या खिडकीतून बघितलं. अंबाड्यातला काटासुद्धा दिसत होता. एकदाच बटण दाबलं. रीळ वाया घालवायची त्यांना सवय नव्हती. झाकण काढणारी समोर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे उघडे. रीळ धुतल्यावर त्या जागी काचेसारखी कोरी चौकट निघाली. तिच्या पुढच्याच चौकटीत होसाकाचा छापखाना आणि कडेला फुसाए, मूठ मिटून. छान आलाय, छापून देतो, असं ते तिला म्हणाले होते. तिनं दोनदा विचारलं. नंतर विचारायची थांबली.

"बाबा, तो कुठे ठेवलाय?"

तेइझो गुडघ्यावर हात टेकून उठले. दारातल्या पायरीवर बसून त्यांनी चपला घातल्या. त्या फुसाएच्या होत्या, टाचा बाहेर येत होत्या.

"बाबा, छापला होता ना?"

त्यांनी दार सरकवलं आणि ते गल्लीत निघून गेले.